.५० बीएमजी बंद आणि .४१६ चालू, हे काय गणित आहे? (आणि एक पुंगळी पुण्याला न्यायचीय)

सॅनहोजेचा_सदाशिवपेठी

राम राम मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे. बंदुका चांगल्या की वाईट हा वाद इथे नको, तो दुसऱ्या धाग्यावर चारशे प्रतिसाद होऊन मेलाय.

तर झालं असं की गेल्या महिन्यात लाँग वीकेंडला ऑफिसमधल्या तिघांबरोबर नेवाडाला गेलो होतो, तिथे वाळवंटात एक रेंज आहे, रायफली भाड्याने चालवायला देतात. बाकीचे नेहमीच्या एआर-१५ रायफली वगैरे घेऊन टाणटाण करत बसले आणि कोपऱ्यात एक धूड पडलेलं दिसलं, दोन पायांवर टेकवलेलं, उभं केलं तर जवळजवळ माझ्या खांद्याइतक्या उंचीचं. बॅरेट कंपनीची रायफल, .५० बीएमजी (ब्राउनिंग मशीन गन) काडतुसाची. एका गोळीचे बारा डॉलर. म्हटलं आयुष्यात परत कधी. तीन झाडल्या. खांद्याला वाटलं होतं तेवढा दणका बसत नाही (वजनच १४ किलो आहे आणि नळी स्वतःच मागे सरकून धक्का खाते म्हणे) पण आवाज कानात नाही छातीत बसतो, आणि नळीच्या टोकाला धक्का कमी करायला जो मझल ब्रेक असतो त्यातून जी हवा बाजूला येते तिने सगळी धूळ उडून माझ्या शेजाऱ्याच्या सँडविचवर.

येताना गाडीत एक जण म्हणाला की ही रायफल कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, पण त्याच कंपनीची .४१६ नावाची रायफल, जी याहून लांब आणि याहून नेमकी मारते, ती चालते. मला वाटलं फेकतोय. घरी येऊन बघितलं तर खरंच. हे कसं काय? कायदा करणारे लोक काय विचार करतात?

दुसरं, उडालेल्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी आठवण म्हणून उचलून आणलीय, डिसेंबरात पुण्याला जातोय, भाच्याला द्यायचीय. चेक-इन बॅगेत टाकली तर चालेल ना? रिकामीच आहे.

ॲरिझोनाचा_आबा

फेकत नव्हता तुमचा मित्र. मी एकोणीस वर्षं इकडे लांब पल्ल्याचं शूटिंग करतो, थोडं सांगतो.

कॅलिफोर्नियाचा कायदा २००४ चा, श्वार्झनेगर गव्हर्नर असताना त्याच्याच सहीने झाला (हो, तोच, पडद्यावर याहून मोठ्या बंदुका घेऊन फिरणारा) आणि १ जानेवारी २००५ पासून लागू. ज्यांच्याकडे आधीपासून होत्या त्यांना ३० एप्रिल २००६ पर्यंत नोंदणी करायची मुदत दिली, बाकीच्यांना विक्री बंद, आणणं बंद. आता गंमत अशी की त्यांनी नुसतं "मोठी बंदूक" असं लिहिलं नाही, लिहिताच येत नाही, कोर्टात टिकत नाही. म्हणून काडतुसाचं मापच कायद्यात घातलं. गोळीचा व्यास .५१० ते .५११ इंच, बुडाचा व्यास .८०० ते .८०४ इंच, पुंगळीची लांबी ३.९१ इंच, अख्खं काडतूस ५.५४ इंच. हे जिच्यात बसतं आणि उडतं ती सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठिणगी पडणारी) रायफल बंद.

शिंप्याला माप दिलं की तो बरोबर त्याच मापाचं शिवतो. पण इथे माप दिलं ते बंदीचं, मग बाकी सगळ्या मापांचं कापड मोकळंच राहिलं ना. बॅरेटने .५० चीच पुंगळी घेतली, कापून ८३ मिमीची केली, तोंड आवळून .४१६ इंचाची गोळी बसवली. झालं नवीन काडतूस, कायद्याच्या मापात कुठेच बसत नाही. त्याशिवाय .५१० डीटीसी म्हणून एक आहे, त्यात तर गोळी तीच जाडीची, फक्त पुंगळी ९९ ऐवजी ९७ मिमी. दोन मिलीमीटरवर कायदा बदलतो.

रॉनी बॅरेटने वर रागाने कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यांना रायफली विकणंच बंद केलं, म्हणजे पोलिसांना पण नाही. सामान्य माणसाला देत नाही तर तुम्हालाही नाही.

आणि .४१६ जास्त नेमकी हे पण खरं. हलकी गोळी, जास्त वेग, हवा कापायला चांगला आकार. दोन मैलांच्या ज्या स्पर्धा होतात (३.२ किमी!) तिथे .३७५ चेटॅक आणि .४१६ वाले पुढे असतात. .५० ही मुळात मशीनगनची गोळी, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ब्राउनिंगने .३०-०६ चं काडतूस मोठं करून बनवलेली, तिचं काम विमान नि चिलखती गाडी फोडणं, नाणं फोडणं नाही.

बाय द वे, तुमचा व्हिसा कुठला? ग्रीन कार्ड आहे ना? उत्तर द्या मग पुढचं बोलतो.

बार्शीचा_विक्या

बारा डॉलरला एक गोळी म्हणजे हजार रुपये. आमच्याकडे हजार रुपयात अख्ख्या वरातीचे फटाके येतात, आवाज पण छातीतच बसतो

खडकीवाले_काका

विक्या, गप रे.

मी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली, रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तेव्हा जे मोघम सांगता येतं तेवढंच सांगतो. (फॅक्टरी १८६९ ची आहे, आता ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली, हेड ऑफिस पुण्यातच. वरणगावला पण आपली काडतुसांची फॅक्टरी आहे, भुसावळजवळ.)

लोकांची पहिली चूक ही होते की "फिफ्टी कॅलिबर" ऐकलं की सगळं एकच वाटतं. कॅलिबर म्हणजे फक्त नळीचं भोक हो. पन्नास कॅलिबरचं पिस्तूल असतं, पन्नास कॅलिबरची ठासणीची बंदूक असते जिने अमेरिकेत लोक हरणं मारतात, आणि पन्नास कॅलिबरचं बीएमजी. भोक तेच. पाण्याचा अर्ध्या इंची पाइप घरात पण असतो आणि फायर ब्रिगेडकडे पण, मागे दाब किती ते बघा. इथे दाब म्हणजे पुंगळीत दारू किती मावते.

गोळीची ऊर्जा जूलमध्ये सांगतो म्हणजे कळेल, सगळे अंदाजे आकडे, गोळीचं वजन बदललं की बदलतात. ९ मिमी पिस्तूल पाचशेच्या आसपास. ७.६२ नाटो साडेतीन हजार. .३३८ लापुआ साडेसहा हजार. .४१६ बॅरेट साडेबारा हजार. .५० बीएमजी सतरा-अठरा हजार. आता तुम्हीच बघा रेघ कुठे मारायची.

अजून एक बारकावा. अमेरिकेचा मुख्य कायदा म्हणतो की अर्ध्या इंचापेक्षा मोठं भोक असलेलं शस्त्र हे "डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस", म्हणजे तोफगोळ्यांच्या पंक्तीत (शॉटगन आणि शिकारीच्या काही रायफली सोडून). .५० बीएमजीची गोळी आहे .५१० इंच. मग ती कशी सुटली? तर नळीत आतून जे पीळ कापलेले असतात त्यांच्या उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत मोजतात, ते बरोबर अर्धा इंच, १२.७ मिमी. गोळी त्या पिळात घुसून बसते म्हणून थोडी जाड. कायद्यात शब्द "बोअर" आहे, "गोळी" नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, हे लिहिणाऱ्याला लेथवर काम केलेला माणूस शेजारी बसवायला हवा होता, किंवा बसवला होता म्हणूनच असं लिहिलं.

मेधा_टोरोंटो

काकांचे आकडे सेव्ह करून ठेवते, आमच्या इकडे नेमका त्यावरच कायदा आहे.

कॅनडात १ मे २०२० ला ऑर्डर निघाली, नोव्हा स्कोशियात एप्रिलमध्ये जो गोळीबार झाला, २२ माणसं गेली, त्याच्यानंतर दोन आठवड्यांत. त्यात बाकी खूप मॉडेल्स आहेतच पण दोन नियम मापाचे. एक, मझलला (नळीच्या तोंडाशी) १०,००० जूलच्या वर ऊर्जा देऊ शकणारी कुठलीही बंदूक बंद. दोन, २० मिमी किंवा त्याच्या वर बोअर असलेली बंद. म्हणजे नाव काहीही ठेवा, पुंगळी दोन मिमी कापा नाहीतर चार, जूल भरले की बंद. .५० गेली, .४१६ गेली, .३३८ राहिली. मला तरी हे कॅलिफोर्नियापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

पण याचे पण घोळ झाले. बंदूक "देऊ शकणारी" म्हणजे कुठल्या गोळीने? तीच रायफल हलक्या लोडने साडेनऊ हजार देईल आणि जड लोडने साडेदहा. हत्तीच्या शिकारीसाठी बनलेली .४६० वेदरबी बरोबर त्या रेघेवरच येते. आणि २० मिमीवरून तर आठवडाभर रडारड, कारण शॉटगनच्या तोंडाचा चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून बसवलेला अरुंद तुकडा) काढला की तिथलं भोक मोठं दिसतं, बदक मारणारे लोक घाबरले की आपली बारा बोअर पण गेली की काय. शेवटी सरकारला सांगावं लागलं की बोअर चोकच्या अलीकडे मोजायचं. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनियर, तो तेव्हा टीव्हीसमोर बसून एकटाच हसत होता.

इंग्लंडने पण २०१८ मध्ये असंच जूलवर करायचं ठरवलं होतं, १३,६०० जूल, पण तिथे शूटिंगवाल्यांनी आणि खासदारांनी ओरड केली आणि कायदा पास व्हायच्या आधी तेवढं कलम काढून टाकलं. त्यामुळे इंग्लंडमध्ये, जिथे साधं पिस्तूल ठेवता येत नाही, तिथे लायसनवर .५० रायफल ठेवता येते. समजून घ्यायचा प्रयत्न करू नका.

ॲरिझोनाचा_आबा

मेधाताई, जूलचा नियम कागदावर छान आहे पण माझं म्हणणं वेगळं. १४ किलोची, आठ-नऊ हजार डॉलरची, पाच फुटी रायफल घेऊन दुकान लुटायला कोण जातं? ज्या बंदुकांनी रोज माणसं मरतात त्या याच्या दशांशही मोठ्या नसतात. कायदा दिसायला मोठ्या गोष्टीवर केला की पेपरात फोटो चांगला येतो, एवढंच.

मेधा_टोरोंटो

दुकान लुटायला नाही हो आबा. मेक्सिकोत २०१९ ला कुलियाकान शहरात ड्रग माफिया एल चापो गुझमानच्या पोराला पकडायला गेले तेव्हा त्याच्या कार्टेलच्या (टोळीच्या) लोकांनी ट्रकवर .५० लावून अख्खं शहर वेठीला धरलं, सरकारला पोरगा सोडून द्यावा लागला. मेक्सिकोने २०२१ मध्ये अमेरिकन कंपन्यांवर दावा केला त्यात बॅरेटचं पण नाव होतं. २०२५ ला अमेरिकन सुप्रीम कोर्टात हरले ते, पण तिकडच्या लोकांना विचारा "फोटो" कुणाचा येतो.

ॲरिझोनाचा_आबा

हा मुद्दा मान्य. सीमेवर राहतो, नाकारून कसं चालेल. तरी त्यावर उपाय तस्करी थांबवणं आहे असं माझं मत, पण धागाकर्त्याने वाद नको म्हटलंय म्हणून थांबतो.

आणि धागाकर्ते कुठे गायब झाले? व्हिसा?

आजऱ्याचा_पाटील

वाचत होतो गप, पण "माप बदलून कायद्यातून निसटणं" हे अमेरिकेचं डोकं आहे असं जे चाललंय ते बघून राहवेना. हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

माझ्याकडे आजोबांपासून आलेली .३१५ रायफल आहे, पीक संरक्षणाच्या लायसनवर. (आमच्याकडे गवे, डुकरं, आणि आता हत्ती. बंदूक हवेत उडवायलाच, जनावराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते. इलेक्शन लागलं की ती पण पोलीस ठाण्यात जमा. गेल्या दोन वर्षांत ती माझ्या घरात जितकी राहिली त्यापेक्षा ठाण्याच्या कपाटात जास्त राहिली असेल.) तर ही .३१५ जगात कुठे मिळते? फक्त आपल्याकडे. का? कारण इंग्रजांनी ठरवलं होतं की लष्कराची जी .३०३ गोळी, ती सामान्य माणसाच्या बंदुकीत बसता कामा नये, उद्या बंड झालं तर फौजेची चोरलेली काडतुसं चालायला नकोत. मग विलायती कंपन्यांनी काय केलं, तर ऑस्ट्रियाचं जुनं ८ मिमीचं मानलिखर काडतूस उचललं, जवळजवळ तीच ली-एनफिल्डच्या वळणाची रायफल त्याच्यात बसवली आणि आपल्या शिकाऱ्यांना विकली. इंग्रज गेले, नियम राहिला. आजही लायसनच्या कायद्यात .३०३ आणि ७.६२ ची सरकारी गोळी ज्यात उडते ती रायफल प्रोहिबिटेड बोअर (सामान्य माणसाला मनाई असलेलं माप), आणि .३१५ नॉन-प्रोहिबिटेड. दोघींत फरक मिलीमीटरच्या अंशाचा. मरणारं डुक्कर माप विचारत नाही.

दुसरं याहून भारी. १८९८ ला रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढली, वाघ-हत्तीच्या शिकारीची, सगळे राजेरजवाडे आणि साहेब ती वापरत. मग इंग्रज सरकारला धाक पडला की जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली, .४५० बोअरच्या, बंडखोरांच्या हातात आहेत, त्यांना काडतुसं मिळायला नकोत. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० ची काडतुसं आणणंच बंद. कायद्यात आकडा .४५०, बस्स. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४७०, .४६५, .४७५ अशी पोरंबाळं बाजारात आणली. जास्त जाड गोळी, ताकद तेवढीच, कायदेशीर. .४७० तर आजही आफ्रिकेत हत्तीमागे जाणाऱ्यांची आवडती आहे, आणि ती जन्माला आली ती हिंदुस्थानच्या कायद्यामुळे. बॅरेटने २००५ नंतर जे केलं ते लंडनवाल्यांनी आपल्यासाठी केलेलंच होतं.

(आणि योगायोग बघा, रिग्बीने पुढे १९११ ला जी बोल्ट रायफल काढली ती पण .४१६.)

खडकीवाले_काका

पाटील, वा! .३१५ इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीत बनायची, ली-एनफिल्डची बहीणच ती. तुमच्याकडची इशापूरची का विलायती बीएसए कंपनीची?

आजऱ्याचा_पाटील

बीएसए काका. नळीवर शिक्का आहे. काडतुसं मात्र आता आपलीच, आणि मिळायला म्हणजे काय सांगू, कोल्हापूरला तीन खेपा तरी होतात.

सॅनहोजेचा_सदाशिवपेठी

सॉरी मंडळी, रिलीज होता आठवडाभर. पाटीलसाहेब तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

आबा, व्हिसा एच-१बी. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, म्हणजे नातवंडांच्या लग्नात मिळेल. का?

ॲरिझोनाचा_आबा

वाटलंच होतं मला.

मालक, अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं बंद आहे. एच-१बी (नोकरी), एफ-१ (शिक्षण), बी-१ (कामाची भेट) सगळे त्यात आले. विकत घेणंच नव्हे, रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणं पण "बाळगणं"च. अपवाद आहेत, मुख्य म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन. बरेच देशी लोक म्हणूनच ते काढून ठेवतात, शिकार कधी करत नाहीत. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत केलीय. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याचं असंच झालं होतं, कॉलेजने काढून टाकल्यामुळे स्टेटस गेलेलं, तरी रेंजवर जाऊन नेम धरून आला, आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं, २०१९ चा रेहैफ निकाल तो. कोर्टाने म्हटलं की आपलं स्टेटस काय आहे हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला पाहिजे. तुम्हाला तुमचा व्हिसा माहीत नाही असं म्हणता येणार नाही, तुम्ही इथे लिहून ठेवलंय.

रेंजवाल्याने विचारलं नाही?

सॅनहोजेचा_सदाशिवपेठी

ड्रायव्हिंग लायसन बघितलं आणि चार पानं सह्या घेतल्या, मी न वाचता केल्या. आता पोटात गोळा आलाय. पंधरा वर्षं??

वकीलीणबाई_नाशिक

घाबरून धागा मोठा करू नका, तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला तासभराची फी देऊन एकदा विचारा आणि पुढच्या वेळी आधी हंटिंग लायसन. इथे अजून काही लिहू नका.

पुंगळीबद्दल मी सांगते, कारण विमानतळाच्या अशा केसेस मी बघितल्यात. आपल्या आर्म्स ॲक्टमध्ये "ॲम्युनिशन" च्या व्याख्येत काडतुसाचे भाग पण येतात. स्कॅनरवर पुंगळी दिसली की सीआयएसएफ किंवा कस्टम्सवाले बॅग उघडणार, मग पोलीस, मग कलम २५ म्हणजे बेकायदा बाळगल्याचा गुन्हा. कायद्यातच कलम ४५ मध्ये सूट आहे की किरकोळ सुटे भाग, जे जोडून वापरायचा इरादा नाही, त्यांना हा कायदा लागू नाही, आणि रिकाम्या पुंगळीला त्याचा आधार घेता येतो. पण तो आधार घेणार कोर्टात, तुमची फ्लाइट गेल्यावर आणि सुट्टी संपल्यावर.

बॅगेच्या चोरकप्प्यात एखादी गोळी राहून गेली, मालकाला पत्ताच नाही, अशा बऱ्याच केसेस हायकोर्ट रद्द करतं, कारण जाणूनबुजून बाळगलं नाही म्हणून. तुमच्या बाबतीत तो बचाव पण गेला. भाच्यासाठी खास आणलीय.

त्याला चॉकलेट न्या.

ॲरिझोनाचा_आबा

बाईंचं ऐका. आणि त्यात अजून एक भर घालतो, नंतर ऐकू नका की सांगितलं नाही. अमेरिकन फेडरल कायद्यात "ॲम्युनिशन" ची व्याख्या काढून बघा, त्यात गोळी, दारू, प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) आणि *कार्ट्रिज केस* हे चारही शब्द स्वतंत्र आहेत. म्हणजे नुसती पुंगळी पण. एकदा उडालेली रिकामी पुंगळी त्यात धरायची का यावर वकील भांडत बसतील, पण ती तुमच्या टेबलावर असताना भांडायला नको.

बार्शीचा_विक्या

म्हणजे रायफल बंद नाही, गोळी बंद नाही, माणूसच प्रोहिबिटेड बोअर निघाला

आजऱ्याचा_पाटील

विक्याचं हे पहिलं वाक्य जे मला आवडलं.

सॅनहोजेचा_सदाशिवपेठी

अपडेट. वकिलाशी बोललो, काय बोललो ते इथे लिहिणार नाही, शहाणा झालोय. पुंगळी त्या दिवशी बरोबर आलेल्या मित्राला देऊन टाकली, तो इथेच जन्मलाय. त्याने ती ऑफिसच्या डेस्कवर उभी करून तिच्यात पेन खोचलंय, बरोबर एकच मावतं. रोज स्टँडअप मीटिंगला मला बघून ते पेन काढतो, टोपण लावतो आणि परत आत ठेवतो.